साइज जुळली म्हणजे डायफ्रॅम जुळला असं नाही

जुन्या हॉर्न स्पीकरच्या शौकिनांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मजकूर साधारण असा: "कॉम्प्रेशन ड्रायव्हर जुना झाला की डायफ्रॅम बदलून टाका. कॉइलची साइज जुळली की कुठलाही बसतो. मिळाला तर टायटॅनियमचाच घ्या, ते अपग्रेडच आहे. चार स्क्रू, पंधरा मिनिटं, बल्ब बदलण्याइतकं सोपं. ड्रायव्हर कारखान्यातून निघाल्यासारखा वाजेल." (कॉम्प्रेशन ड्रायव्हर म्हणजे हॉर्नच्या मागे बसून आवाज काढणारा भाग, आणि डायफ्रॅम म्हणजे त्यातला थरथरणारा पातळ घुमट, ज्याच्या कडेला तारेची कॉइल असते.) यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही, म्हणूनच ते इतकं पसरतं. एकेक घेऊ.

"जुना झाला की बदला." का म्हणून? अ‍ॅल्युमिनियमचा घुमट कपाटात पडून म्हातारा होत नाही. त्याला थकवा येतो तो हलण्याने: झेपणार नाही इतकी पॉवर, क्रॉसओव्हरच्या (वूफर आणि हॉर्नमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या) खालचे सूर, हॉर्न न लावता जोरात वाजवणं. चीर पडते ती बहुधा सराउंडमध्ये, म्हणजे घुमटाभोवतीच्या लवचीक कडेत, नाहीतर कॉइलच्या तारा बाहेर निघतात त्या जागी. तेव्हा आधी मल्टीमीटर लावा, मग बारीक आवाजात सायन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच सूर) चालवून खरखर ऐका. काहीच सापडलं नाही आणि ड्रायव्हर नुसता दबका वाजतोय, तर डावा-उजवा ड्रायव्हर अदलाबदल करून बघा. दोष जागचा हलला नाही तर डायफ्रॅमला दोष देण्यात अर्थ नाही. जुना कपॅसिटर किंवा आतून काळवंडलेला एल-पॅड (हॉर्नचा आवाज कमी-जास्त करणारं बटण) हे नेहमीचे गुन्हेगार आहेत. आणि दोष ड्रायव्हरबरोबर गेला तरी तो अल्निको (जुन्या ड्रायव्हरमधल्या मिश्रधातूचा) मॅग्नेट थोडा उतरल्याने असू शकतो. नवा डायफ्रॅम टाकून मॅग्नेट चढत नाही.

"साइज जुळली की कुठलाही बसतो." बसतो हो, प्रश्न वाजण्याचा आहे. अल्टेक कंपनीच्या ड्रायव्हरांचं उदाहरण घ्या. ८०२डी १६ ओहमचा, ८०२-८जी ८ ओहमचा. एकाचा डायफ्रॅम दुसऱ्यात बिनतक्रार बसतो. आता १६ ओहमसाठी बांधलेल्या साध्या फर्स्ट ऑर्डर (हॉर्नच्या वाटेत एकच कपॅसिटर असलेल्या) क्रॉसओव्हरमध्ये १२.४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे असं धरा. कट, म्हणजे ज्याच्या खालचे सूर अडतात ती सीमा, येतो ८०० हर्ट्झच्या आसपास. ड्रायव्हरमध्ये ८ ओहमची कॉइल घातली की तोच कपॅसिटर १६०० हर्ट्झला कापू लागतो. मधला एक अख्खा सप्तक ना वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा) ना हॉर्नचा. मग माणूस म्हणतो, "नवीन डायफ्रॅम जरा पातळ वाजतो." सेकंड ऑर्डर नेटवर्कमध्ये (कपॅसिटरच्या जोडीला कॉइलही असलेल्या क्रॉसओव्हरमध्ये) तर कट सरकतोच, शिवाय वळणाचा आकारही बिघडतो.

ओहम जुळले तरी सराउंड उरतोच. जेबीएल कंपनीचे ३७५, २४४०, २४४१ आणि २४४५ हे चारही ड्रायव्हर ४ इंची कॉइलचे. पण ३७५ आणि २४४० च्या डायफ्रॅमला अर्धगोल रोलचा सराउंड आहे, २४४१ ला हिऱ्याच्या पैलूंसारखा डायमंड सराउंड, आणि २४४५ मध्ये तोच डायमंड टायटॅनियममध्ये. रोलवाला ९ किलोहर्ट्झच्या वर दमतो. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर ३७५ च्या डोक्यावर ०७५ ट्वीटर (सर्वांत वरचे सूर वाजवणारा स्पीकर) ७ किलोहर्ट्झपासून लावला जायचा. त्या जोडीत डायमंड डायफ्रॅम घातला की ड्रायव्हर वरच्या पट्ट्यात ट्वीटरच्या बरोबरीने बोलू लागतो आणि दोघांची बेरीज आधीसारखी राहत नाही. कुणाला ती आवडेलही. पण मग त्याला दुरुस्ती म्हणू नका, फेरफार म्हणा.

घुमटाची उंची आणि वक्रता हा तिसरा मुद्दा. घुमटासमोर फेज प्लग (घुमटाचा आवाज फटींमधून हॉर्नकडे नेणारा तुकडा) असतो आणि मधली फट मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. १९२६ साली वेंट आणि थुरस यांनी बेल लॅब्जमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक ५५५ घडवला, तेव्हापासून या ड्रायव्हरचं सगळं गणित त्या फटीवर उभं आहे. कडेच्या रिंगची जाडी कागदाइतकी चुकली तरी वरचा पट्टा बदलतो, आणि जास्त चुकली तर घुमट प्लगवर आपटतो. जुन्या ड्रायव्हरमधून निघालेले पातळ शिम (जाडी जुळवणाऱ्या चकत्या) म्हणूनच फेकायचे नसतात.

"टायटॅनियम म्हणजे अपग्रेड." टायटॅनियम मजबूत आहे, वारंवार वाकण्याचा थकवा अ‍ॅल्युमिनियमपेक्षा फार चांगला सोसतं. रोज रात्री कार्यक्रमांना जुंपलेल्या स्पीकरसाठी ते योग्यच होतं. पण आवाजासाठी बघायचं ते ताठपणा आणि घनता यांचं गुणोत्तर, आणि त्यात दोन्ही धातू जवळजवळ बरोबरीत आहेत: दोन्हींतून ध्वनी सेकंदाला साधारण ५ हजार मीटरने धावतो. तेवढ्याच वजनात घुमट करायचा तर टायटॅनियमचा पत्रा ४० टक्के पातळ ठेवावा लागतो, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने घटतो. हिशेब केला तर तो अ‍ॅल्युमिनियमच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. खरी झेप बेरिलियमची आहे, १२ हजार मीटरच्या पुढे. पण तो फुटला तर तुकड्यांना हात लावू नका आणि फुंकर तर मुळीच मारू नका. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

"चार स्क्रू, पंधरा मिनिटं." स्क्रूंना खरंच पंधरा मिनिटं लागत नाहीत. वेळ जातो गॅपमध्ये, म्हणजे मॅग्नेटच्या ज्या अरुंद फटीत कॉइल हलते तिथे. मागचं झाकण उघडलं की पुष्कळदा आतला फोम चिकट भुगा होऊन घुमटावर सांडलेला दिसतो. तो आधी काढायचा, नाहीतर डायफ्रॅम उचलताना सगळा गॅपमध्ये जातो. झाकणात फोम पुन्हा तेवढ्याच जाडीचा लावायचा. मागच्या पोकळीचा दाब त्याच्यावर अवलंबून असतो.

डायफ्रॅम सरळ वर उचलायचा, तिरका केला तर कॉइल घासते. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तर मॅग्नेट तो हातातून हिसकावून घुमटात खुपसतो, आणि हे डोळ्यांसमोर घडत असताना थांबवता येत नाही. गॅप साफ करायला प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर मास्किंग टेप उलटा गुंडाळा, चिकट बाजू बाहेर, आणि गोल फिरवा. टेपवर राखाडी केसाळ कीस येतो, ते लोखंडाचे कण. टेप कोरा निघेपर्यंत फिरवत राहा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. कण मॅग्नेटला धरून बसतात आणि धूळ मात्र फेज प्लगच्या फटींत जाते.

काही जण आणखी पुढे जाऊन "मॅग्नेटच खोलून धुवा" सांगतात. अल्निकोच्या बाबतीत हे पाप आहे. मॅग्नेटभोवतीचं लोखंडी मंडल तुटलं की अल्निकोचं चुंबकत्व बऱ्यापैकी उतरतं आणि परत जोडलं तरी आपोआप येत नाही.

मग सेंटरिंग, म्हणजे कॉइल गॅपच्या बरोबर मधोमध आणणं. स्क्रू बोटांच्या जोराने लावा, हॉर्न जोडा, ड्रायव्हरच्या खालच्या मर्यादेजवळचा सूर अगदी हळू सोडा. खरखर आली तर रिंग केसभर सरकवा. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत, दर वेळी ऐकत जा. शेवटच्या आवळणीत सेंटर हलतो, हा अनुभव सगळ्यांचाच.

"कारखान्यातून निघाल्यासारखा." मूळ कंपनीचा डायफ्रॅम असेल तर जवळपास, एरवी मोजल्याशिवाय कळत नाही. निदान दोन्ही बाजूंना एकाच बनावटीचे घाला आणि इंपीडन्सचा (वेगवेगळ्या सुरांना कॉइलच्या विरोधाचा) आलेख जुळतो का बघा. जुने चांगले निघाले तर जपून ठेवा.

टर्मिनलच्या रंगावर विसंबू नका. जेबीएलच्या जुन्या वूफरमध्ये काळ्या टर्मिनलला पॉझिटिव्ह दिलं की कोन (वूफरचा शंकू) बाहेर येतो, आजच्या रिवाजाच्या बरोबर उलट. नव्या डायफ्रॅमची पोलॅरिटी कशी आहे ते त्याच्या डबीवर लिहिलेलं नसतं. क्रॉसओव्हरच्या सुरावर माइक लावा, ड्रायव्हरच्या तारा एकदा सुलट आणि एकदा उलट जोडून मोजा, आणि कुठल्या जोडणीत खोल खड्डा पडतो ते बघा. डायफ्रॅम काढण्याआधीही हेच मोजून ठेवलं असेल तर पोलॅरिटी फिरली की नाही ते लगेच कळतं.