करप्याचा जिवाणू म्हणे पैलवान होतो!

"रोगप्रतिकारक भात लावू नका. त्यानं कडा करप्याचा जिवाणू पैलवान होतो आणि शेजारचं देशी भातही खातो. शिवाय ते जीएम आहे. उपाय : तरव्याचे शेंडे खुडून लावण करा, दर आठ दिवसांनी अँटिबायोटिक मारा."

हा मेसेज महिनाभर फिरतोय. (कडा करपा म्हणजे भाताची पानं कडेनं वाळवणारा रोग, तरवा म्हणजे लावणीची कोवळी रोपं.) मी सोडून देत होतो. परवा खानापूरहून मामांचा फोन आला, "बियाणं परत देऊ काय रे?" तेव्हा डोकं फिरलं.

यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. जिवाणूला ओळखून अडवणाऱ्या एकाच जनुकाच्या जोरावरचा वाण वर्षानुवर्षं सगळीकडे लावला, की त्याला चुकवणारे जिवाणू मागे उरतात. फिलिपिन्समध्ये एक्सए-४ जनुकाचं तेच झालं. पण पहारेकऱ्याला चुकवणारा चोर पैलवानच असतो, असं कुणी सांगितलं? एक्सए-७ जनुकाचा भात जिवाणूला ज्या प्रथिनावरून ओळखतो, तेच प्रथिन जिवाणूचं रोग लावायचं हत्यार आहे. ओळख पुसायची तर हत्यार बोथट करावं लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २००० साली फिलिपिन्समधल्या शेतांवरचा अभ्यास छापून आला. एक्सए-७ ला चुकवणारे बरेच जिवाणू रोग लावण्यात कमजोर पडले होते. म्हणजे मेसेजच्या बरोबर उलट.

आणि आता एका जनुकावर कोण विसंबतंय? हैदराबादच्या संस्थांनी २००८ मध्ये आणलेल्या सुधारित सांबा मसुरीत तीन जनुकं आहेत. तिन्ही पहारे एकदम चुकवणं सोपं नाही. तो वाण संकरातून काढलाय, जीएम (प्रयोगशाळेत जनुकं बदललेला) नाही. पुढं चला.

खरा संताप 'उपाया'चा. गेल्या गणपतीत मामांच्या शेतात पानांच्या कडेनं शेंड्याकडून खाली पिवळी नागमोडी पट्टी उतरत होती. मी एक पान कापलं, तुकडा मामीच्या काचेच्या ग्लासात, पाण्यात धरला. थोड्या वेळानं कापल्या जागेतून दुधाळ धागा खाली सुटला. "दूध निघालं की!" मामा म्हणाले. ते दूध म्हणजे जिवाणूच. पानाच्या जखमेतून तो असाच आतही शिरतो. मग तरव्याचे शेंडे खुडायचे म्हणजे प्रत्येक रोपाला जखम करून त्याला दार उघडून द्यायचं!

वर दर आठ दिवसांनी अँटिबायोटिक. वाणाला चुकवणारा जिवाणू वाढतो म्हणून वाण नको, अन् औषधाला दाद न देणारा वाढला तरी चालेल? ज्या हिशेबानं वाणाला नावं ठेवता, तोच हिशेब फवारणीला का नाही लावत? त्यापेक्षा युरियाचा हात आखडला तरी फरक पडेल. नत्र जास्त झालं की करपा जोर धरतो. त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

मामांनी बियाणं ठेवलंय. औषधाच्या चार पुड्या मात्र आधीच आणून ठेवल्यात, आणि दुकानदार परत घ्यायला तयार नाही.