'सेट' आणि 'बसवणे' : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'सेट' या इंग्रजी शब्दावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. एकाच शब्दावर शेकडो अर्थांचा भार टाकणे हे इंग्रजीच्या शब्ददारिद्र्याचे लक्षण असून मराठीत प्रत्येक क्रियेला स्वतंत्र शब्द आहे, हा पहिला. आणि भांड्यांचा सेट व सूर्याचे 'सेट' होणे यांत कोणताही सांधा नसताना मी दोन्ही एकाच मुळाशी नेले, हा दुसरा. दुसऱ्या आक्षेपात आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, म्हणून तो आधी घेतो.

संच या अर्थाचे 'सेट' हे नाम जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा समूह, हे आहे. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचाच भाऊबंद. पुढे क्रियापदाच्या सहवासाने त्याचा अर्थ 'एकत्र मांडलेल्या वस्तू' असा वळला खरा, पण जन्माने तो वेगळा शब्द आहे. ही माझी चूक होती आणि मूळ लेखात मी ती दुरुस्त करत आहे. सूर्याबद्दल मात्र मी माझ्या विधानावर ठाम आहे. 'सेट' हे क्रियापद 'सिट'चे प्रयोजक रूप आहे, म्हणजे अक्षरशः 'बसवणे'. पुढे तेच 'खाली बसणे' अशा अर्थानेही वापरले जाऊ लागले, आणि क्षितिजाखाली जाणाऱ्या सूर्यासाठी इंग्रजीने ते घेतले.

आता दारिद्र्याविषयी. ऑक्सफर्ड कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ नोंदलेले होते, आणि ती नोंद जवळजवळ 60,000 शब्दांची होती. (नव्या संपादनात 'रन' हे क्रियापद 645 अर्थांसह त्याच्या पुढे गेले.) परंतु हा कोश ऐतिहासिक आहे, त्यात शेकडो वर्षांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही मोजले जातात, शिवाय 'सेट अप', 'सेट ऑफ', 'सेट इन' अशी जोडरूपेही. त्यामुळे हा आकडा एखाद्या माणसाच्या बोलण्यातील अर्थांचा नव्हे, आणि तो मराठीच्या अंगावर धरून तुलना करणे मला योग्य वाटत नाही.

खरे तर मराठीत हेच घडले आहे, आणि तेही त्याच वाटेने. 'बसणे' पासून 'बसवणे' झाले, जसे 'सिट'पासून 'सेट'. निखळलेले हाड आपण बसवतो, अंगठीत खडा बसवतो, गणपती बसवतो, नाटक बसवतो, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतो. यातील हाड आणि खडा या दोन्हींसाठी इंग्रजी 'सेट'च वापरते. उरलेला भार 'लावणे' उचलते: घड्याळ लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे, या चारही ठिकाणी इंग्रजीत पुन्हा 'सेट' येतो. आपण दही लावतो आणि ते लागते, तसे इंग्रजीतही दही 'सेट' केले जाते आणि 'सेट' होते. 'लावणे' याला आपण कधी दरिद्री म्हटलेले नाही, कारण दिवा, झाड, पैज, अर्थ यांपैकी शेजारी कोण बसले आहे यावरून ऐकणाऱ्याला नेमके काय ते क्षणात कळते.

मराठीने काही ठिकाणी वेगळे शब्द राखले आहेत, हे आपले निरीक्षण मला मान्य आहे, आणि अनुवादकाला त्याचीच काळजी घ्यावी लागते. 'सेट असाइड' म्हणजे पैशांच्या बाबतीत बाजूला काढून ठेवणे, पण न्यायालयाच्या आदेशाबाबत रद्द करणे. तेथे 'आदेश बाजूला ठेवला' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला निर्णय लांबणीवर पडला असे वाटेल आणि पक्षकाराचा घोर गैरसमज होईल. सिमेंटचेही असेच: 'सेट' होणे म्हणजे ओलसर लगद्याने आकार धरणे, पक्के होणे नव्हे. साध्या पोर्टलँड सिमेंटचे भारतीय मानक या धरण्याचा आरंभ किमान 30 मिनिटांनी आणि शेवट कमाल 600 मिनिटांत मागते; मजबुती येणे मात्र पुढे कित्येक दिवस चालते. 'सेट'साठी येथे 'घट्ट होणे' हा शब्द योजणारे भाषांतर मला म्हणूनच अपुरे वाटते. 'धरणे' अधिक जवळचे आहे. आपल्याला याहून नेमका शब्द ठाऊक असल्यास अवश्य कळवावा. दुरुस्त लेखात तो मी घेईन.