गोत्र, वाय गुणसूत्र आणि एक भंपक फॉरवर्ड

‘आजचं सायन्स जे सांगतंय ते आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं’ अशा थाटाचा तो लांबलचक मेसेज तुम्हालाही आला असेल. किती वर्षं फिरतोय देव जाणे. एरवी मी तो न वाचताच उडवतो. या वेळी काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली, आणि रात्री वहिनींचा फोन आला. ‘भावोजी, तुम्ही हेच शिकवता ना? मग सांगा, मुलींमध्ये वडिलांचं खरंच काही उतरत नाही का?’ वहिनींना दोन मुली आहेत. घरात कोण कोणाला काय ऐकवत असेल ते वेगळं सांगायला नको.

तर हो, मी हेच शिकवतो. जीनोमिक्स आणि बायोइन्फर्मॅटिक्स. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पुरुषात एक्स-वाय गुणसूत्रं, स्त्रीत एक्स-एक्स. वाय बापाकडून फक्त मुलाकडे जातं. गोत्र म्हणजे या वायचा माग ठेवण्याची पद्धत. वाय आधीच नष्ट होत चाललंय, सगोत्र लग्न केलं की ते आणखी दुबळं होतं, संततीला आनुवंशिक रोग होतात. मुलीत वाय नाही, म्हणून ती गोत्र पुढे नेत नाही, म्हणून कन्यादान. मुलीच्या बाजूने बापाचा अंश पिढीगणिक निम्मा होत सातव्या पिढीत एक टक्क्यावर येतो, मुलाच्या बाजूने मात्र ९५ टक्के कायम राहतो. सबब, मुलगा नसेल तर वंश ‘जेनेटिकली’ संपला. आणि हे सगळं म्हणे एका अमेरिकन शास्त्रज्ञाने टीव्हीवर कबूल केलंय. शास्त्रज्ञाचं नाव नाही, कार्यक्रमाचं नाही.

आधी मुलींचं बघू, कारण सगळ्यात विषारी भाग तोच आहे.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातल्या २२ जोड्यांना मुलगा-मुलगी या भानगडीशी काही देणंघेणं नाही. प्रत्येक जोडीतलं एक आईचं, एक बापाचं, दोघांनाही सारखंच. फरक फक्त तेविसाव्या जोडीत. तिथे बाप मुलाला वाय देतो आणि मुलीला आपलं एक्स. आता आकडे बघा. एक्स डीएनएच्या सुमारे १५ कोटी ४० लाख अक्षरांचं, वाय साधारण ६ कोटी २५ लाखांचं. म्हणजे बापाकडून मुलीला मुलापेक्षा नऊ कोटींहून अधिक अक्षरं जास्त मिळतात. जनुकांच्या हिशेबात तर तफावत आणखी मोठी: एक्सवर प्रथिनं बनवणारी आठशेच्या वर जनुकं आहेत, वायवर १०६, आणि त्यातलीही बरीचशी टीएसपीवाय नावाच्या एकाच जनुकाच्या नकला. माणसात अशी एकूण जनुकं वीस हजारांच्या आसपास. काका, तराजू घेऊन बसायचंच असेल तर बापाचं पारडं मुलीकडे झुकतं.

हे आकडे माझ्या मनाचे नाहीत. वाय गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पहिल्यांदा वाचून झालं ते २०२३च्या ऑगस्टमध्ये. २००३ साली मानवी जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, वाचून ‘पूर्ण झाला’ असं जाहीर झालं तेव्हा वायचा अर्ध्याहून अधिक भाग कोराच होता, कारण त्यात तेच तेच तुकडे इतक्यांदा येतात की जुन्या तंत्राने वाचलेल्या बारीक तुकड्यांची जुळणीच लागत नसे. लांबलचक तुकडे सलग वाचणारी यंत्रं आली तेव्हा कुठे तीन कोटी नवी अक्षरं पदरात पडली.

आता त्या ९५ टक्क्यांविषयी. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. वायचा सुमारे ९५ टक्के भाग एक्सशी देवाणघेवाण करत नाही, फक्त टोकांचे छोटे भाग करतात. पण हे ९५ टक्के वायचे आहेत, पुरुषाचे नव्हेत! पुरुषाच्या पेशीतल्या एकूण सहाशे कोटी अक्षरांत वायचा वाटा जेमतेम एक टक्का. बाकीचं सगळं मुलाच्या बाजूनेही दर पिढीला तस्संच निम्मं होत जातं. सातव्या पिढीतल्या वंशजात मूळ पुरुषाचा वाटा सरासरी १२८वा भाग, मग तो मुलाकडून आलेला असो की मुलीकडून. मुलाच्या ओळीत त्यावर हे एक टक्क्याचं वाय. एवढ्यासाठी पोरींना परकं धन ठरवायचं?

‘सगोत्र लग्नाने वाय दुबळं होतं’ हा मुद्दा वाचून तर मी डोक्याला हात लावला. अहो, बायकोकडे वाय असतंच कुठे? नवऱ्याचं वाय मुलाकडे जाताना बायकोच्या वायशी मिसळायला बायकोचं वाय हवं ना. ती सगोत्र असो, भिन्नगोत्री असो, नाहीतर नॉर्वेची असो, मुलाला येणारं वाय तेच. ज्या मेसेजच्या पहिल्याच परिच्छेदात ‘स्त्रीत एक्स-एक्स’ असं लिहिलंय, त्याच मेसेजच्या चौथ्या परिच्छेदात हे आहे, आणि पाठवणाऱ्या एकालाही दोन परिच्छेद शेजारी ठेवून बघावेसे वाटले नाहीत. ‘वाय नष्ट होत चाललंय’ हेही असंच. तसा अंदाज काही शास्त्रज्ञांनी मांडला होता खरा, पण २०१२मध्ये माणसाचं आणि ऱ्हीसस माकडाचं वाय शेजारी ठेवून पाहिलं, तर अडीच कोटी वर्षांत आपल्या वायने जुन्या जनुकांपैकी फक्त एक गमावलेलं निघालं. गोत्रं नव्हती तेव्हाची गोष्ट आहे ही.

आता रोगांकडे. जवळच्या नात्यात लग्न झालं तर काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे खरं. सगोत्र बंदीमुळे चुलत भावंडांची लग्नं टळतात, हेही खरं. पण हे आजार वायवर बसलेले नसतात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. आणि मामाच्या मुलीचं काय? तिचं गोत्र वेगळं, म्हणून गोत्राच्या नियमाने ती खुशाल चालते, आणि आपल्याकडे किती समाजांत पिढ्यान्‌पिढ्या मामाच्या मुलीवर हक्क सांगितला गेला ते सगळ्यांना माहीत आहे. चुलत बहीण आणि मामेबहीण, दोघींशी आपली आनुवंशिक जवळीक सारखीच: साडेबारा टक्के. एकीला बंदी, दुसरीला अक्षता. उलट काश्मीरमधला कुणी अनोळखी भारद्वाज कोल्हापूरच्या भारद्वाजाला वर्ज्य. सपिंडाचा, म्हणजे आई-बाप दोघांकडच्या जवळच्या नात्यात लग्न नको असं सांगणारा, नियम वेगळा आहे, मान्य, पण तोही रूढीपुढे वाकतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा रूढी असेल तर सपिंड विवाहाला मुभा आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञच हवे असतील तर नावानिशी देतो, आणि सोबत आपले हैदराबादचेही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने २०१७मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये एक शोधनिबंध छापला. दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजगटांचा डीएनए त्यांनी तपासला. त्यातले ८१ गट असे निघाले की जे मोजक्या पूर्वजांपासून वाढले आणि मग आपापसांतच लग्नं करत राहिले, आणि तेही फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातले) ज्यू यांच्यापेक्षा जास्त प्रमाणात. वैद्यकाच्या पुस्तकांत अशा गटांत रुजणाऱ्या आनुवंशिक आजारांची उदाहरणं म्हणून नेहमी याच दोघांची नावं असतात. ८१पैकी १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे, म्हणजे लहान खेड्यातली गोष्ट नाही ही. त्यात आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं उदाहरण आहे. त्यांच्यात एका विकराची (एन्झाइमची) कमतरता इतरांपेक्षा सुमारे शंभरपट आढळते, आणि अशा रुग्णाला शस्त्रक्रियेआधी स्नायू सैल करणारं ठरावीक औषध दिलं की श्वास लवकर परत येत नाही. या समाजात परंपरेने १०२ गोत्रं सांगतात आणि ती पाळतातही. दोष त्यांचा नाही, आपल्या बहुतेक जाती याच वाटेने गेल्यात. गोत्राबाहेर पण जातीच्या आत, अशी लग्नं शतकानुशतकं होत राहिली की पूर्वज तेच ते राहतात. रोगांची एवढीच काळजी असेल तर मेसेजने जातीबाहेर लग्न करा म्हणायला हवं होतं. तो शब्द त्यात शोधूनही सापडत नाही.

उरलेलं भराभर. गोत्र हा वायचा माग असेल तर दत्तक मुलाला दत्तक बापाचं गोत्र कसं लागतं? गोत्र माहीत नसेल तर ‘काश्यप’ सांगा, असं भटजी का म्हणतात? क्षत्रियांनी पुरोहिताचं गोत्र घ्यावं हा जुना प्रघात कोणत्या वायने पाळला? आणि महाराष्ट्रात कितीतरी समाज गोत्राऐवजी देवक पाहून सोयरीक करतात, त्यांचं वाय मोकाट सुटलंय का? कन्यादानाविषयी मी बोलणार नाही, तो धर्माचा विषय आहे, ज्याला करायचं त्याने करावं. फक्त त्याला गुणसूत्रांची साक्ष काढू नका.

सोयरीक जुळवताना काही तपासायचंच असेल तर ते रक्त. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातल्या अनेक समाजांत सिकलसेलचे वाहक भरपूर आहेत. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्यात चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं. थॅलेसेमियाचंही गणित हेच, त्याचीही साधी रक्ततपासणी असते. काकांच्या नातीचं यंदा बघताहेत. हे त्यांना मी ग्रुपवर नाही, फोन करून सांगणार आहे.