वाळवंटातलं परस: दाण्याआधी पाणी

वाळवंटी भागात घरामागे चार हात जागा असली आणि पक्षी यावेत असं वाटलं, की लोक आधी दाण्यांचा फीडर आणून टांगतात. मग तिथे पारव्यांची पंगत बसते, सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, आणि "आमच्याकडे वेगळे पक्षी येतच नाहीत" अशी तक्रार सुरू होते. येतील कसे? बिया वाळवंटातही मिळतात, पाणी मिळत नाही. खर्च आणि कष्ट करायचेच तर आधी पाण्यावर करा, मग काटेरी झुडपांवर. फीडर राहिला तरी बिघडत नाही.

पक्ष्यांना घाम येत नाही. त्यांचं शरीर मुळातच ४० ते ४२ अंशांवर असतं. हवा त्याहून तापली, की चोच उघडून धापा टाकत अंगातलं पाणी उडवणं हाच थंड राहण्याचा उपाय उरतो. होले आणि रातवे गळ्याची कातडी थरथरवतात, तेही त्यासाठीच. किडे खाणाऱ्यांना किड्यांतून बरंचसं पाणी मिळतं, पण कोरडं बी खाणाऱ्याला प्यावंच लागतं. पाखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांपर्यंत पाणी नेतो, यावरून पाण्याची किंमत कळावी.

भांडं मातीचं, बिनझिलईचं, पसरट घ्या. ४० सेंटीमीटर व्यासाचं परळ उत्तम. पत्रा आणि काळं प्लास्टिक उन्हात इतकं तापतं की पाणी पिण्याजोगं राहत नाही. माती पाझरते म्हणून गार राहते. मधोमध पाणी जेमतेम ५ सेंटीमीटर आणि काठाशी अडीचहून कमी असावं. तळ गुळगुळीत असेल तर पक्षी उतरत नाहीत. खडबडीत चपटे दगड ठेवा, एक तरी पाण्याबाहेर डोकावणारा हवा.

आता खरी गंमत. साचलेलं पाणी पक्ष्याला जवळ आल्यावर दिसतं, ठिबकणारं पाणी लांबून ऐकू येतं. झाकणाचा कॅन उंचावर टांगून त्याला सलाइनची नवी नळी जोडा आणि चाकाने सेकंदाला एक थेंब पडेल असं लावा. या नळीचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, म्हणजे १२ तासांत २ लिटरच्या थोडं वर पाणी लागेल. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटीमीटरभर सहज उतरते. आपल्या परळातून तेवढ्याने सव्वा लिटर उडतं. थोडं पाझरतं. उरलेलं काठावरून सांडतं, आणि ते सांडायलाच हवं. पाणी उडतं पण क्षार मागे राहतात. नुसती भर घालत गेलात तर परळाच्या काठाला पांढरी खरपुडी धरते. शिवाय सांडलेल्या ओलीवर किडे येतात आणि किड्यांवर बुलबुल, सातभाई.

ठिबक बंद पडायची कारणं ठरलेली आहेत. कॅनच्या झाकणाला हवेसाठी भोक नसलं की आत पोकळी धरते आणि थेंब थांबतो. पातळी उतरली की दाब कमी होतो, थेंब मंदावतो. दुपारी चाक थोडं सैल करावं लागतं. नळीच्या टोकाला क्षार जमले तर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. कॅन सावलीतच हवा, नाहीतर गरम पाणी ठिबकेल.

दर दोन दिवसांनी परळ रिकामं करून ब्रशने घासा. उन्हाळ्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाही पुरतो. शेवाळ चिकट झालं तर एक भाग ब्लीचमध्ये नऊ भाग पाणी घालून दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. साबण नको.

जागेचा हिशेब मांजर डोळ्यांसमोर ठेवून करावा. झुडूप पाण्यापासून दोन ते तीन मीटरवर हवं: त्याहून जवळ असेल तर मांजर तिथे दबा धरते, लांब असेल तर पक्ष्याला पळून जायला आडोसा उरत नाही. झुडूप काटेरीच असू द्या. खेजडी, बोर, केर किंवा तुमच्या वाळवंटात मूळचं जे असेल ते. अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात कॅक्टस रेन हा पक्षी चोया नावाच्या निवडुंगाच्या काट्यांत घरटं करतो, ते उगाच नाही. झाडाखालचा पाचोळा झाडून काढण्याची सवय मात्र सोडा. उकरून खाणाऱ्यांचं ताट तेच. कीटकनाशक आणि उंदरांचं विष तर नकोच, विष खाल्लेले उंदीर खाऊन पिंगळेही मरतात.

दाणे घालायचेच असतील तर बाजरी किंवा सूर्यफूल, दुपारपर्यंत संपेल एवढंच. शेंगदाणे उन्हात खवट होतात. अमेरिकेत हमिंगबर्डसाठी एक भाग साखर, चार भाग पाणी करतात. रंग नाही, मध नाही, आणि कडक उन्हाळ्यात रोज बदलायचं. जिथे हमिंगबर्ड नाहीत तिथे ही बाटली टांगून काही हाती लागत नाही, शिंजिरांसाठी फुलझाड लावा.

घरट्याची पेटी वाळवंटात फार जपून. पश्चिमेच्या भिंतीवर लावलेली पेटी म्हणजे भट्टी, पिल्लं आतच भाजतात. दोन सेंटीमीटर जाडीचं लाकूड, वरच्या कडेला हवेची भोकं, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, आणि दुपारची सावली. एवढं जमत नसेल तर पेटी लावू नका.

बघायला बसायचं ते सूर्योदयानंतरचे दोन तास, ऊन पाठीशी घेऊन. त्यानंतर हवा थरथरायला लागते, दुर्बीण कितीही भारी असली तरी पिसं धूसर दिसतात. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे, फक्त ती दोन मीटरवरही फोकस होते ना, हे बघून घ्या. पक्षी थेट पाण्यावर येत नाही. आधी काटेरी शेंड्यावर बसतो, मग एक फांदी खाली, मान तिरकी, मग काठावर. होला चोच बुडवून एका दमात ओढतो. बुलबुल घोट घेतो, मान वर करतो, पुन्हा वाकतो. भर दुपारी सावलीत पंख अंगापासून सुटे धरून, चोच वासून बसलेला पक्षी दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. तो उडाला तर त्या उडण्यालाही अंगातलंच पाणी खर्च होतं.

आणि एक काम आजच करा: परसातले उभे, वरून उघडे पाइप शोधा. ढोलीत घरटं करणारे पक्षी आत उतरतात. गुळगुळीत भिंतींवरून वर येता येत नाही, पंख उघडायला जागा नसते. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात खाणींच्या हद्दींसाठी रोवलेल्या पोकळ प्लास्टिक खांबांत असेच पक्षी मरून पडले होते. तोंडावर जाळीचा तुकडा तारेने आवळा. उघड्या टाकीत एक खरखरीत फळी काठापर्यंत तिरकी सोडून ठेवा.