पोपटवाल्याचं उत्तर

माझ्या मागच्या लेखावर 'पानवेडा' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. एकदा चहा गरम असताना, एकदा गार झाल्यावर. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या परसातल्या पेरूवरच्या मेणाच्या खवले किडीला (झाडाचा रस शोषणारी, अंगावर मेणाचं कवच असलेली कीड) मी त्या लेखात 'सेरोप्लास्टेस सेरिफेरस' म्हटलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं: शास्त्रीय नावापुढे त्या जातीचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव लिहितात, तिथे अँडरसन लिहिणं चूक. यजमान झाडांची, म्हणजे कीड ज्यांवर जगते त्या झाडांची, यादी म्हणजे चार जातींची खिचडी. आणि "मोबाईलवरच्या फोटोवरून जात सांगणं म्हणजे रस्त्यावर पोपट घेऊन बसणं." वर जाता जाता, "आधी अभ्यास वाढवा."

अँडरसनचं मान्य. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी हे मेण 'पांढरी लाख' म्हणून गोळा केलं, जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावरचे प्रयोग १७९४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले, आणि जुन्या पुस्तकांत या किडीच्या नावापुढे अँडरसनच सापडतो. मी तिथूनच उचललं. आज मात्र हे नाव कीटकशास्त्रज्ञ फाब्रिशियसच्या १७९८ च्या वर्णनावर उभं आहे. त्याने किडीला कॉकस प्रजातीत घातलं होतं, ती पुढे सेरोप्लास्टेसमध्ये गेली, आणि प्रजाती बदलली की नाव कंसात लिहायचा नियम आहे, म्हणून त्याचं नाव कंसात. दुरुस्ती केली आहे, आभार. (अँडरसन हा भारी खटपट्या माणूस. मद्रासच्या सैदापेठेत निवडुंग लावून त्यावर किरमिजी रंग देणारे किडे पोसायचा घाटही त्याने घातला होता. त्यावर कधीतरी सवडीने.)

आता पोपट.

"नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता का?" एवढं आपण विचारलं असतं, तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण आपल्याला प्रश्न विचारायचाच नव्हता, टोपी उडवायची होती. मी आपल्याला ओळखत नाही, आपण मला ओळखत नाही, मग रस्त्यावर बसवायची एवढी घाई कशाला?

अभ्यासाचंच विचारता म्हणून सांगतो. वडिलांची लिंबाची बाग होती. १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला, तेव्हा आम्ही दोघं भाऊ रॉकेल-साबणाच्या पाण्यात चिंध्या बुडवून फांद्या पुसत होतो. पानांवर चिकटा, त्यावर काळी काजळी, खोडावर मुंग्यांची रांग. ही कीड मी पुस्तकाआधी बोटांनी ओळखली. पुढे बीएस्सीला काचपट्ट्याही केल्या. मेण काढायचं, कीड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये आतून रिकामी करायची, रंगवायची, कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाखाली बसवायची आणि मग श्वसनरंध्रांपाशी असलेले काटे आणि त्वचेवरची सूक्ष्म छिद्रं मोजत बसायचं. खरी ओळख तिथे पटते, हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही.

पण जिवंत किडीलाही काही रूप असतं की नाही? सेरिफेरसच्या मादीवरचं मेण जाड, पांढरं, ओलसर, लोण्यासारखं दबणारं, आणि डोक्याच्या बाजूला पुढे झुकलेलं शिंग. पिल्लं म्हणजे पानावर चिकटवलेल्या बारीक चांदण्याच. माझ्या फोटोत शिंग दिसतंय, झूम करून पाहा. याच प्रजातीतली स्यूडोसेरिफेरस ही दुसरी जात जवळपास अशीच दिसते, हे तुम्ही म्हणणारच. दिसते. कीटकशास्त्रज्ञ ग्रीनने १९३५ साली ती वेगळी काढल्यानंतरही दोघींची गल्लत होत राहिली आहे. मग एकट्या माझ्याच हातात पोपट का?

आणि मोठमोठ्यांचं काय? सेरोप्लास्टेस सायनेन्सिस या नावात चीन आहे, १९०० सालचं वर्णन इटलीत झालेलं, आणि पुढच्या अभ्यासात तिचं मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडे निघालं. पोपटाने चिठ्ठी काढली, दुसरं काय!

खिचडीबद्दल फार बोलत नाही. आंबा, पेरू, लिंबू, चहा, कॅमेलिया, हॉली ही नावं माझ्या मनची नाहीत. एखादं नाव दुसऱ्या जातीचं शिरलंही असेल. रांगती पिल्लं वाऱ्याबरोबर कुठेही जाऊन पडतात, आणि जिथे पडली ते झाड यजमान ठरत नाही, मादी वाढून तिथे अंडी घालते का ते बघावं लागतं, हे मलाही कळतं. निसर्गशास्त्रज्ञ लिनेयसने १७५८ साली याच गटातल्या एका जातीला रस्कस झुडपावरून रुस्की नाव दिलं, आणि बागायतदार तिला अंजिराची कीड म्हणून ओळखतात. याद्या अशाच असतात. लाखेची कीड वेगळ्या कुळातली आहे, हे मूळ लेखातच होतं. तिथवर आपण वाचलेलं दिसत नाही.

काचपट्टी करून दाखवा म्हणाल, तर अडचण एकच आहे. लेख टाकला त्याच आठवड्यात बायकोने जुना दातांचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन पेरू बुंध्यापासून शेंड्यापर्यंत घासून काढला. दोन-चार माद्या अल्कोहोलमध्ये ठेवायला हव्या होत्या, ठेवल्या नाहीत. कालच बॅटरी घेऊन सगळ्या फांद्या पाहिल्या. एकही नाही.