मग उरीयाचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पश्चात्तापावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. ‘छान लेख, प्रभू आशीर्वाद देवो’ छापाच्या प्रतिक्रियांपेक्षा तिच्यात दम आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो.

तुमचं म्हणणं असं: तुमच्या ओळखीतल्या एका गृहस्थाने धाकट्या भावाच्या वाट्याची जमीन लाटली. पुढे तो येशूवरच्या विश्वासात आला आणि आता ‘प्रभूने माझं सगळं धुऊन टाकलं’ अशी साक्ष देत फिरतो. भाऊ मात्र अजून भाड्याच्या खोलीत. मी बायबलमधलं ५१ वं स्तोत्र पश्चात्तापाचा नमुना म्हणून दिलं होतं, त्यातल्या नेमक्या ओळीवर तुम्ही बोट ठेवलंत. इस्राएलचा राजा दावीद तिच्यात देवाला म्हणतो, ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.’ मग ज्याचा जीव घेतला त्या उरीयाचं काय?

प्रश्न रास्त आहे. उपदेशांत ही ओळ बहुतेकदा घाईने ओलांडली जाते.

दावीदाचा शिपाई उरीया रब्बा नगराच्या वेढ्यात लढत होता, तेव्हा राजाने त्याच्या बायकोला, बथशेबाला, वाड्यावर आणवलं. तिला दिवस राहिले. पोर उरीयाचंच वाटावं म्हणून दावीदाने त्याला आघाडीवरून बोलावलं, घरी जा म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिवशी दारूही पाजली. पण सोबतचे शिपाई उघड्यावर तळ देऊन असताना मी घरी जाऊन कसा निजू, म्हणत तो काही घरी गेला नाही. मग दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिलं: याला तुंबळ लढाईत पुढे ठेवा आणि मागे सरा. ते पत्र पोचवायला दिलं उरीयाच्याच हाती. हा सगळा खटाटोप लाजेपोटी झाला. चारचौघांत नाचक्की होईल या भीतीने माणूस एक गोष्ट झाकायला जातो आणि दुसरी करून बसतो.

नाथान या संदेष्ट्याने श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून दावीदाला कोंडीत पकडलं, तेव्हा कुठे ही झाकाझाक थांबली. ‘तुझ्याविरुद्धच’ ही ओळ मी तिथून वाचतो. राजाला शिक्षा करणारं राज्यात कोणी नव्हतं आणि ज्याची माफी मागायची तो मातीत गेला होता. एवढं म्हणून दावीद मोकळा सुटला असता, तर तुमची टीका मी मुकाट मान्य केली असती. पण परमेश्वराने तुझं पाप दूर केलं, असं सांगणारा नाथान त्याच बैठकीत तलवार तुझं घर सोडणार नाही, असंही बजावतो. आणि बायबल उरीयाला विसरत नाही. दावीदाच्या ३७ शूरांची यादी बायबलमधल्या ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकात आहे, तिच्यात शेवटचं नाव हित्ती उरीया. येशूची वंशावळ देताना शुभवर्तमानकार मत्तय दावीदाचा मुलगा शलमोन याच्या आईला ‘उरीयाची बायको’ म्हणतो. (बथशेबाचं स्वतःचं नाव तिथे गळलं, ही तक्रार वेगळी, आणि तीही खरी.)

तुमच्या गृहस्थाचा भाऊ तर हयात आहे. तेव्हा त्याला दावीदाच्या आडोशाला उभं राहता येणार नाही, त्याने जक्कयाकडे बघावं. यरीहोचा हा मुख्य जकातदार येशूसमोर उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. ‘आज या घराला तारण मिळालं’ हे येशूचे शब्द त्यानंतरचे आहेत. कॅथलिक शिकवणही हेच सांगते: धर्मगुरूने पापमुक्ती दिली तरी चोरलेलं परत करणं सुटत नाही. पापाच्या शिक्षेतून सूट देणारी क्षमापत्रं विकण्याचा धंदा चर्चने केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. १५१७ मध्ये जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर त्यावरच उठला, आणि त्याच्या ९५ कलमांतलं पहिलंच कलम विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं असं म्हणतं. एका रविवारात उरकण्याचं हे काम नव्हे.

‘आधी अपराधी वाटायला लावता, मग औषध विकता’ हा तुमचा टोला काही चर्च-मंडळ्यांना नेमका बसतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘तुझंच काही चुकत असेल, पश्चात्ताप कर’ असं सांगणारे पाळक आहेत. तिने कशाचा पश्चात्ताप करायचा? तिला वाटणारी लाज मारणाऱ्याने तिच्या गळ्यात मारलेली असते. अशा वेळी आधी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावं, प्रार्थना तिथून आल्यावर करावी.

त्या गृहस्थाला क्षमा मिळाली की नाही, हे ठरवणारा मी कोण? पण पुढच्या वेळी तो साक्ष द्यायला उभा राहिला की जक्कयाची गोष्ट सांगणारा लूकच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय त्याच्यापुढे धरा आणि भावाच्या नावे दस्त कधी करून देणार, तेवढं विचारा. त्याच्या पाळकांशी बोलायचं असेल तर कळवा, मी बरोबर येतो.