आठ सण, तेरा पौर्णिमा आणि ढग

ब्रिटनमधल्या पेगन, म्हणजे जुन्या देवदेवतांना आणि निसर्गाला पुजणाऱ्या मंडळींच्या वर्षचक्राचं चित्र मोठं देखणं असतं. एक वर्तुळ, आठ आरे, प्रत्येक आऱ्यावर एक सण. चक्र फिरवणाऱ्याचे हाल मात्र त्या चित्रात कुठेच दिसत नाहीत. दर साडेसहा आठवड्यांनी सण, वर बारा-तेरा पौर्णिमा. वर्षाकाठी वीस-एकवीस कार्यं, आणि हक्काची सुट्टी एकालाही नाही.

चक्र अनादिकालापासूनचं आहे, असं कोणी म्हणालं की मी विषय बदलतो. सुटे सण जुने आहेत, पण आठ जणांना एका माळेत ओवलं ते 1950 च्या दशकात, विक्का या आधुनिक पेगन पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड मंडळींतले रॉस निकोल्स यांच्या गोतावळ्यात. सप्टेंबरच्या विषुवदिनाला ‘मेबन’ हे नाव तर त्यानंतर, 1970 च्या दशकात, अमेरिकेत चिकटलं. त्यामुळे ‘आमच्यात असंच करतात’ हे वाक्य इथे फार जपून वापरावं.

पौर्णिमेचा पहिला तंटा तारखेचा. पूर्णचंद्र हा एक क्षण असतो आणि तो जागतिक वेळेत छापलेला असतो. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे. छापील 23:30 म्हणजे इथे मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास, अर्थात दुसरी तारीख. मग अर्धी मंडळी आज जमतात, अर्धी उद्या. पौर्णिमा आज की उद्या यावर पंचांग उघडून वाद घालणाऱ्या घरात वाढलेल्याला इथे अगदी माहेरी आल्यासारखं वाटेल.

दुसरा तंटा उंचीचा. जूनमधला पूर्णचंद्र लंडनच्या आकाशात जेमतेम पंधरा अंश वर चढतो, तोही रात्री नऊ-साडेनऊनंतर उगवून. म्हणजे शेजाऱ्याच्या धुराड्यामागेच त्याची निम्मी रात्र जाते. डिसेंबरचा चंद्र साठ अंशांच्या आसपास, दुपारी चारच्या सुमाराला हजर. पण तेव्हा बागेत उभं राहण्याची आपली तयारी नसते. म्हणून जागा आधीच हेरून ठेवावी: उन्हाळ्यात दक्षिण क्षितिज मोकळं लागतं, हिवाळ्यात फक्त जाड मोजे.

स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळापाशी जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सूर्योदय पहाटे पाचच्या जरा आधी. प्रवेश फुकट, दारूला बंदी, दगडांवर चढायला बंदी. ढगांना कोणतीही बंदी नाही. हील स्टोन या वर्तुळाबाहेरच्या दगडाच्या दिशेने तोंड करून हजारो लोक पांढऱ्या आकाशाकडे बघतात आणि उजाडलं की टाळ्या वाजवतात.

खरी परीक्षा बेल्टेनची, 1 मेची. उंच खांबाच्या शेंड्याला बांधलेल्या फिती हातात धरून, नाचत खांबाभोवती त्यांची वेणी घालायची असेल तर नाचणारे सम संख्येत हवेत. निम्मे उजवीकडे तोंड करून, निम्मे डावीकडे. समोरून येणाऱ्या पहिल्याच्या फितीवरून, दुसऱ्याच्या फितीखालून, पुन्हा वरून. फीत खांबाच्या दीडपट लांब घ्यावी. कोणी लागोपाठ दोनदा वरून गेलं की वेणीत खोट राहते, आणि ती दिसते वेणी उलगडताना. तेव्हा सगळ्यांनी थांबून त्या चुकीपर्यंत उलटं चालत जायचं असतं. प्रत्यक्षात सगळे एकाच माणसाकडे बघतात, आणि बासरीवाला वाजवतच राहतो.

सजावटीला हॉथॉर्न या काटेरी झाडाची फुलं लागतात, आणि ती बऱ्याच ठिकाणी 1 मेला उमललेलीच नसतात. दोष झाडाचा नाही. ब्रिटनने 1752 साली दिनदर्शिका बदलताना 11 दिवस गाळले, झाडाने ते मनावर घेतलं नाही. उमलली तरी घरात आणू नयेत, अशुभ मानतात. नाक असलेल्या कोणालाही हे पटेल: सडणाऱ्या मासळीत असतं तेच ट्रायमिथाइलअमाइन या फुलांतही असतं.

ऑस्टाराला, म्हणजे मार्चच्या विषुवदिनाच्या सणाला, कांद्याच्या सालींत अंडी रंगवतात. सात-आठ कांद्यांच्या सुक्या साली, चमचाभर व्हिनेगर, वीस मिनिटं उकळी. सुंदर तपकिरी रंग येतो. दुकानातली बहुतेक अंडी मुळातच तपकिरी असतात, हे नंतर लक्षात येतं.

1 ऑगस्टच्या लामासला, म्हणजे सुगीच्या सणाला, गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा पाव. किलोभर मैद्याला फार तर 5 ग्रॅम सुकं यीस्ट, आणि कणीक घट्ट. दया येऊन यीस्ट वाढवलं की भट्टीत कणसं फुगून एकमेकांत मिसळतात आणि देवीसमोर फ्लॉवरचा गड्डा जातो. पेंढीच्या दांड्यावर कणकेचा छोटा उंदीर बसवायची रीत आहे. त्याच्या शेपटीवर फॉइलचा तुकडा ठेवावा, ती सगळ्यात आधी करपते.